शेजारच्या घरचा सोफा

अनोळखी घरात गेल्यावर मी आधी पाणी मागते. तहान असो वा नसो. आता निवृत्त झाले, तरी कुणाकडे गेले की तोंडातून तेच निघतं. माझी सून म्हणते, "आई, तुम्ही पाहुण्यांकडे जाता की छापा घालायला?" तिचं अगदीच चुकत नाही. बीडमधल्या एका लहानशा धर्मादाय मंडळासाठी मी कितीतरी वर्षं घरपाहणीचं काम केलं. लोकांच्या घरात शिरायचं, पाणी प्यायचं, बाहेर यायचं आणि सांगायचं, या घरातल्या मुलाच्या शाळेची फी मंडळाने भरावी की भरू नये.

पाण्यावरून पुष्कळ कळतं. ते विकतच्या जारमधून आलं की माठातून, द्यायला कोण उठलं, पेला फडताळातून निघाला की ट्रंकेतून. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरात पाणी कशात साठवलंय ते बघितलं की घर कसं चाललंय याचा अंदाज येतो. चहाचं तसं नाही. चहा पाहुण्याला दाखवण्यासाठी असतो. म्हणून मी चहाला नाही म्हणायचे. माझ्यासोबत येणारे भाऊसाहेब मात्र कुठल्याच घरचा चहा सोडायचे नाहीत, आणि एका प्रकरणात त्यांच्या या सवयीचा मला फार उपयोग झाला. ते प्रकरण सांगायलाच मी लिहायला बसले आहे, पण आधी काम काय होतं ते सांगते.

खासगी शाळांत गरीब घरच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. सोडतीत नंबर लागला की पहिलीपासून फी नाही. पण ही सोय आठवीपर्यंतच. नववीच्या पहिल्या दिवशी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसलेल्या मुलाकडे शाळा फी मागते. शाळेचंही नियमाप्रमाणे काही चुकत नाही. बाप मात्र गेटबाहेर उभा राहून विचार करतो, की इतकी वर्षं इंग्रजीत शिकलेलं पोर आता कुठे नेऊन बसवायचं. आमचं मंडळ एवढ्याच फटीसाठी होतं. कापडाचा धंदा करून गेलेल्या एका निपुत्रिक गृहस्थांनी आपल्या दुकानांचं भाडं यासाठी लावून दिलं होतं. जेवढं भाडं येईल तेवढ्या मुलांची नववी-दहावीची फी भरायची.

"फुकटच्या शाळा असताना खासगीचा हट्ट कशाला पुरवायचा?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला आहे. मी स्वतः सरकारी शाळेत शिकले आणि काही बिघडलं नाही. पण हट्ट आईबापांचा असतो आणि त्या शाळेतली वर्षं मुलाने काढलेली असतात. त्याचे मित्र, त्याच्या बाई, त्याच्या डोक्यातले गणिताचे शब्द सगळे तिथले असतात. एवढं उत्तर देऊन मी जिलेबी घ्यायचे.

खरा प्रश्न, मदत कुणाला द्यायची, हा होता. अर्जाला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडावा लागे, पण दाखल्यावर सगळा जिल्हा सारखाच गरीब असतो. म्हणून घरपाहणी. भाऊसाहेब मंडळाचे अध्यक्ष. गेवराईकडची बागायती जमीन, पूर्वी पंचायत समितीत होते, पांढरे कडक कपडे, मोठा आवाज. बाईमाणसाला लोक फसवतात अशी त्यांची समजूत असल्यामुळे प्रत्येक पाहणीला ते जातीने यायचे. बसायचे बाहेरच्या खोलीत. मी आत जायचे.

त्यांचा उपयोग नव्हता असं नाही. चकलांब्याच्या एका अर्जदाराने स्वतःला शेतमजूर म्हणवलं होतं. आम्ही गेलो तर अंगणात मधोमध कडब्याची मोठी गंजी. मी म्हटलं, गंजी अंगणात का बरं रचली असेल. भाऊसाहेब जीपमधून उतरले ते थेट गंजीसमोर जाऊन उभे राहिले. कडब्यातून ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचं काळं नळकांडं वर आलं होतं.

"काय बे, ही गंजी धूर सोडती का?"

"भाऊसाहेब, चुलत्याचा हाय. ठिवायला दिलाय," तो माणूस म्हणाला.

"मंग झाकला कावून? त्याला काय थंडी वाजती?"

माणूस स्वतःच हसायला लागला. आम्हाला ताक पाजूनच त्याने सोडलं, आणि मदत मिळाली नाही याचं त्याला काही वाईट वाटल्याचं दिसलं नाही. अशी प्रकरणं सोपी. लबाडी पकडली की आपल्यालाही बरं वाटतं आणि रात्री झोप लागते.

माजलगावची बाई तशी नव्हती. बाजारात हातगाडीवर बांगड्या विकायची. घर बघताच मी मनात हो म्हणून टाकलं होतं. भाऊसाहेबांनी मुलाची गुणपत्रिका मागितली, कारण तेव्हा आमच्याकडे मार्कांची अट होती. मार्क अगदीच बेताचे होते. भाऊसाहेबांनी कागद परत दिला आणि अट समजावून सांगितली. बाईने सगळं नीट ऐकून घेतलं.

"हुशार पोराला कुनीबी देतंय, भाऊसाहेब," ती म्हणाली. "माझा मठ्ठ हाय, म्हनून तर त्याला चांगली साळा पायजे."

भाऊसाहेबांनी गुणपत्रिका पुन्हा मागून घेतली, पाहिली आणि परत दिली. पण नियम तो नियम, त्या मुलाला मदत मिळाली नाही. पुढच्या वर्षी मी भांडून मार्कांची अट काढायला लावली. तोवर मुलगा शाळा सोडून गेला होता. त्या बाईच्या बोलण्यात मला आजही खोट काढता येत नाही, आणि बाजारात बांगड्यांची गाडी दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

आता सोफ्याचं प्रकरण. बीडच्या जुन्या भागात एक अरुंद गल्ली आहे. गाड्या दुरुस्त करणारे, गाद्या शिवणारे, फळं विकणारे अशी वस्ती. तिथे भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांतून अर्ज आले. एक रशीदभाईंचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग ते दुसऱ्याच्या दुकानात बसून करायचे. काम असेल तर मजुरी, नसेल तर नाही. त्यांची मुलगी निलोफर. दुसरा अर्ज युनूसभाईंचा. त्यांची फळांची हातगाडी होती, पावसाळा सरला की सीताफळं, एरवी मोसंबी आणि केळी. त्यांचा मुलगा इम्रान. दोन्ही मुलं एकाच शाळेत, एकाच वर्गात, सोडतीत नंबर लागून शिकलेली, आणि दोघंही आठवी पास झालेली. नेमकी त्या वर्षी मंडळाची काही दुकानं रिकामी पडली होती. फार तर एका मुलाला देता येणार होतं.

पाहणीची वेळ आम्ही आधी कळवायचो. घरचा कर्ता माणूस हजर असावा आणि बायकांना अवघडल्यासारखं होऊ नये, असा त्यामागचा विचार. त्याप्रमाणे दोन्ही घरांना एकाच दिवशी, लागोपाठची वेळ दिली.

रशीदभाईंचं घर आधी. दार उघडलं आणि समोर सोफा. गर्द लाल, पाठीवर विणलेलं पांढरं कापड. खिडकीपाशी कूलर घरघरत होता. स्टुलावर प्लास्टिकची फुलं. भाऊसाहेब सोफ्यावर टेकले आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की त्यांनी निकाल देऊन टाकला. निळ्या फुलांच्या कपबशीतून चहा आला, बशीत बिस्किटं आली. रशीदभाई समोर उभेच होते. बसा म्हटलं तरी बसेनात. निलोफर येऊन सलाम करून गेली.

मी पडदा सारून आत गेले आणि पाणी मागितलं. रशीदभाईंच्या बायकोने, शबानाने, माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यातून दिलं. आतलं घर बाहेरच्या घराचं कुणीच लागत नव्हतं. एक चूल, मोजकी भांडी, दोरीवर घड्या घातलेल्या गोधड्या. निळ्या फुलांच्या कपबश्या जिथे ठेवाव्यात असं एकही फडताळ नव्हतं. कूलरची वायर छताजवळच्या झरोक्यातून शेजारच्या घरात गेली होती. मी वर बघितलं तशी शबानानेही वर बघितलं आणि मग ती खाली बघू लागली.

मग शेजारी, युनूसभाईंकडे. बाहेरची खोली अगदी मोकळी. जमिनीवर सतरंजी अंथरलेली. खिडकीत कूलरच्या मापाचं भोक आणि त्याला पुठ्ठा लावलेला. फरशीवर चार ठिकाणी उजळ चौकोनी खुणा, जड वस्तूचे पाय बरेच दिवस टेकलेले असले की राहतात तशा. भाऊसाहेबांना गुडघ्यांमुळे खाली बसवेना, म्हणून ते भिंतीला टेकून उभे राहिले. युनूसभाई ओशाळून सारखे माफी मागत होते. त्यांची बायको मुमताजआपा चहाला म्हणून आत गेली, आणि चहा काही येईना. मागच्या अंगणातून कप वाजल्याचा आवाज आला. दोन्ही घरांचं मागचं अंगण एकच, मध्ये कमरेएवढी भिंत आहे, हे मी शबानाच्या स्वयंपाकघरातून पाहिलं होतं.

चहा आला. निळ्या फुलांचे कप, अजून ओले. एकाच्या काठाचा टवका उडालेला, जो मघाशी भाऊसाहेबांच्या हातात होता. तो आता पुन्हा भाऊसाहेबांच्या हातात गेला. ते प्यायले. त्यांना काही कळलं नाही. मुमताजआपाने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलंय हे तिलाही कळलं.

जीपमध्ये बसताच भाऊसाहेब म्हणाले, "ताई, ठरलं. फळवाल्याला द्यायचं. मोटारवाला मजेत हाय. सोफा काय, कूलर काय! फळवाल्याकडं बिचाऱ्याकडं बुड टेकवायला जागा न्हाई."

"सोफा फळवाल्याचाच आहे, भाऊसाहेब," मी म्हटलं, आणि कपापासून वायरपर्यंत सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं ते हसतील. ते भडकले. "म्हंजी दोघांनीबी आपल्याला येड्यात काढलं! एकानं नसलेली श्रीमंती दाखवली, दुसऱ्यानं घर रिकामं करून गरिबी दाखवली. दोघांचीबी नावं काढा. बैठकीत मी तेच सांगनार."

भाऊसाहेब बैठकीत जे सांगत ते होत असे. म्हणजे दोन मुलं होती, एक जागा होती, आणि आता कुणालाच काही मिळणार नव्हतं. ट्रॅक्टर कडब्यात लपवणाऱ्या माणसाच्या रांगेत या दोघांना बसवणं मला पटेना. पण पटेना म्हणून बैठकीत चालत नाही. पाहुण्यांसमोर घराची लाज राखण्याचा रशीदभाईंचा हेतू मला समजला होता. मुमताजआपाचा समजला नव्हता. सामान शेजारी नेऊन आपलं घर मुद्दाम ओकंबोकं केलं असेल, तर भाऊसाहेबांचं बरोबर होतं. बैठकीच्या आधी मी एकटीच, न कळवता, पुन्हा गेले.

सोफा परत आपल्या खुणांवर आला होता. मुमताजआपा जमिनीवर बसून मोसंब्या पुसत होती. मला तिने सोफ्यावर बसवलं. मी पाणी मागितलं, प्यायले, आणि सरळ विचारलं, "सोफा तिकडे कुणी नेला? शबानाने मागितला होता?"

"न्हाई, बाई. ती कशाला मागंल? मीच नेऊन ठिवला. तिच्या घरात बसायला काय बी न्हाई. तुमच्यासंगं बाप्या मानूस येनार, त्याला खाली बसवायचं?"

"आपा, आम्ही गरज कुणाला आहे तेच बघायला येत होतो. घरात सोफा दिसला तर मदत मिळणार नाही, हे तुम्हा दोघींना कळत नव्हतं?"

"कळत व्हतं की." तिने मोसंबी खाली ठेवली. "पन लेकराच्या नावानं घर बघाया कुनी येतं ते सोयरिकीलाच. आमच्या दारात दुसरं कुनी कदी बघाया आलंच न्हाई. पाव्हने घर बघनार म्हनलं की हात आपला आपनच चालतो. शबाना तर सकाळधरनं रडकुंडीला आलती, चादर बी धड न्हाई म्हनून."

"मग तिथलं संपल्यावर सोफा परत का नाही आणला? तुमची पाळी होती."

"तुमच्यासमोरनं?" तिला खरोखर नवल वाटलं. "तुमी तिच्या दारातनं भायेर पडताय, आन् आमी तिच्या घरातनं सोफा उचलून चाललोय? तिची इज्जत काय ऱ्हायली असती?"

यापुढचा प्रश्न विचारायला मला आवडलं नाही, पण काम माझं तेच होतं. "घर रिकामं दिसलं तर इम्रानला मिळेल, असं मनात आलं होतं का?"

तिने खाली ठेवलेली मोसंबी पुन्हा उचलून पुसली. मग म्हणाली, "आलं. तुमी गेल्यावर आलं. खोटं कशाला बोलू? इम्रानच्या अब्बांनाबी आलं. लई चांगलं वाटलं दोघांना. मंग लाज वाटली." तिने पदराने हात पुसले. "म्हनून सांगते, आमचं नाव काढा. सोफा आमचा हाय, कूलर आमचा हाय, गाडी आमची सोताची हाय. तिचं काय बी न्हाई. तिला द्या."

"आणि इम्रान?"

"त्याचं आमी बघू," ती म्हणाली आणि सोफ्याच्या पाठीवरचं कापड उगाच सरळ करू लागली. कापड सरळच होतं.

बैठकीत मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. भाऊसाहेब मान हलवत राहिले. "ते काई असो ताई, देखावा तो देखावा."

आमचं गाव तसं लहान. कुणाच्या घरी कधी काय झालं ते बायकांना ठाऊक असतं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुमच्या थोरल्या लेकीला बघायला पाहुणे आले, तेव्हा बैठकीच्या खोलीत गालिचा अंथरला होता. तो कुणाचा?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. भाऊसाहेबांनी कान खाजवला.

"मेव्हन्याचा," ते म्हणाले.

"मग फसवलंत पाहुण्यांना?"

एकजण हसला, मग सगळेच हसले, शेवटी भाऊसाहेबही. निलोफरचं नाव मंजूर झालं. इम्रानचं पुढच्या वर्षी बघू, असं भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

इम्रान नववीला सरकारी शाळेत गेला. शाळा वाईट नव्हती. पण त्याचा सगळा अभ्यास इंग्रजीतला, आणि इथे विज्ञानातले शब्दसुद्धा त्याला नव्याने शिकावे लागत होते.

वर्षभराने निलोफरच्या दहावीच्या मदतीसाठी पुन्हा पाहणी आली. या वेळी आम्ही आधी कळवलं नाही. तो नियम मी बदलून घेतला होता. शबानाच्या घरात सतरंजी होती, कोपऱ्यात निलोफरची पुस्तकं होती आणि देखाव्याला काहीही नव्हतं. भाऊसाहेबांनी उभ्यानेच चौकशी केली आणि ठीक आहे म्हणाले. मग मला न विचारताच ते बाहेर पडून शेजारच्या घरात शिरले. मी त्यांच्यामागून गेले. मुमताजआपाने डोक्यावर पदर ओढला आणि त्यांना सोफ्यावर बसवलं.

"पोरगं कुठाय?" त्यांनी विचारलं.

"साळंत. सरकारी."

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "ताई, औंदा दुकानं भरलीत. त्याला परत आनू की जुन्या साळंत."

"दहावीला शाळा बदलता येत नाही, भाऊसाहेब," मी म्हटलं. "आणि वर्षभरात त्याचा तिकडचा अभ्यास सुटलाय."

मंडळाकडे पैसे होते, मुलगा होता, गरज होती, आणि द्यायला काही उरलं नव्हतं. मला इतक्या वर्षांत एवढं वाईट क्वचितच वाटलं असेल. ज्या घराने आम्हाला खरं सांगितलं, त्याच घराच्या मुलाची शाळा सुटली होती, आणि आमच्या कुठल्याही नियमाने त्यात चूक दाखवता येत नव्हती.

चहा आला. निळ्या फुलांचा कप, काठाचा टवका उडालेला. भाऊसाहेबांनी तो उचलला, फिरवून पाहिला आणि बराच वेळ तसाच हातात धरला.

"आपा," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. "तवा तुमी आपलं नाव काढा म्हनलं नसतं, तर तुमच्या पोरालाबी भेटू शकलं असतं. माझ्या मनात आधी त्याचंच नाव व्हतं. तुमाला म्हाईत व्हतं ना?"

"हौ," मुमताजआपा म्हणाली. "पन मंग शबानाकडं साखर मागाया मी कुठल्या तोंडानं गेले असते?"

भाऊसाहेबांनी मान खाली घालून चहा संपवला. मुमताजआपाने मलाही विचारलं, आणि त्या दिवशी मी नको म्हटलं नाही. त्या चहात साखर कोणत्या घरची होती, हे विचारणं खरं तर माझं काम होतं. मी विचारलं नाही.